पांढऱ्या पावडरीचा हिशेब

आषाढीच्या वाटेवर पुण्यातला मुक्काम आटोपला की जगद्गुरू तुकाराम महाराजांची पालखी हडपसरमार्गे लोणी काळभोर-कदमवाकवस्ती परिसरात येते. दुसऱ्या दिवशी ती यवतला निघते. सोलापूर रस्त्यावरच्या या गावांना एका रात्रीसाठी स्वतःच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसांचे आतिथ्य करावे लागते. भाकरी, पिठले, राहुट्या, दिवाबत्ती, फिरते दवाखाने हे सगळे डोळ्यांना दिसते आणि त्याचे कौतुकही होते. दिसत नाही ती ग्रामपंचायतीच्या कोठारातली एक पांढरी, उग्र वासाची पावडर. गावोगावी तिला ‘टीसीएल’ म्हणतात. त्या रात्री लाखो माणसे जे पाणी पितात, ते सुखरूप असणे बऱ्याच अंशी या पावडरीवर आणि ती मोजून टाकणाऱ्या माणसावर अवलंबून असते.

टीसीएल हे एखाद्या कंपनीचे नाव असावे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ही ‘ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम’ या शब्दांची आद्याक्षरे आहेत. ‘ट्रॉपिकल’ म्हणजे उष्ण कटिबंधातले, आणि या एका शब्दातच पावडरीचा सगळा स्वभाव आला आहे. ब्लीचिंग पावडर मुळात थंड हवेच्या स्कॉटलंडमधली. उन्हाळी देशांत ती पोहोचली की ऊन, दमट हवा आणि उकाडा यांमुळे तिच्यातला क्लोरीन हळूहळू उडून जातो आणि मागे नुसता चुना उरतो. म्हणून तिच्यात जादा चुना मिसळून ती टिकाऊ करण्यात आली. तरीही ती अमर झाली नाही. उघडे राहिलेले पोते, गळके छप्पर आणि एप्रिल-मेचा उन्हाळा एवढे तिला निकामी करायला पुरेसे आहे. रंग तोच राहतो, थोडाफार वासही राहतो. काम मात्र संपलेले असते.

ही पावडर जन्माला आली ती रोगजंतूंशी लढण्यासाठी नव्हे, तर कापड पांढरे करण्यासाठी. अठराव्या शतकापर्यंत युरोपात सुती आणि जवसाच्या धाग्याचे कापड पांढरे करायचे म्हणजे ते क्षारात उकळायचे, आंबट ताकात भिजवायचे आणि मग आठवडेच्या आठवडे गवतावर उन्हात पसरून ठेवायचे. त्यासाठी शेतेच्या शेते अडकून पडत. १७७४ मध्ये स्वीडनच्या कार्ल विल्हेल्म शीले या औषधविक्रेत्याने हिरवट-पिवळा, घसा जाळणारा वायू तयार केला. त्याने फुलांचे आणि पानांचे रंग उडतात हे त्याच्याच लक्षात आले. पुढे फ्रान्सच्या बर्थोलेने याच गुणाचा उपयोग कापडासाठी केला. मात्र वायू हाताळणे कामगारांच्या जिवावर बेतणारे होते. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने १७९९ मध्ये हा वायू विझवलेल्या चुन्यात जिरवून कोरड्या पावडरीचे पेटंट घेतले. आता क्लोरीन पिंपात भरून कुठेही नेता येऊ लागला. हम्फ्री डेव्हीने तो स्वतंत्र मूलद्रव्य असल्याचे दाखवून त्याला ‘क्लोरीन’ हे नाव दिले ते त्यानंतर, १८१० मध्ये.

जंतूंची कल्पना अजून कोणाला नव्हती. त्या काळी कुजका वास हाच रोगाचे मूळ मानला जाई, आणि ही पावडर वास घालवत असे. म्हणून ती गटारांत, शवागारांत आणि दवाखान्यांत पोहोचली. व्हिएन्नातल्या इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ मध्ये शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. त्या वर्षी एप्रिलमध्ये त्या विभागातल्या बाळंतिणींचे मृत्यू १८ टक्क्यांवर होते, ते जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आले. कारण नीट कळण्याआधीच उपाय हाती आला होता. तरीही सेमेलवाइसचे म्हणणे त्याच्या हयातीत बहुतेकांनी मानले नाही.

पिण्याच्या पाण्यात क्लोरीन घालण्याची कल्पना तर अनेकांना किळसवाणी वाटे. इंग्लंडमध्ये मेडस्टन गावात १८९७ साली विषमज्वराची साथ आली, तेव्हा जलवाहिन्या धुण्यासाठी ब्लीचिंग पावडर वापरली गेली. लिंकन शहरात १९०५ च्या साथीत अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी पाण्यात सतत क्लोरीन सोडले. अमेरिकेत जर्सी सिटीच्या पाण्याबद्दल खटला चालू होता. पाणी शुद्ध ठेवण्याची जबाबदारी असलेल्या कंपनीचे सल्लागार डॉ. जॉन लील यांनी सप्टेंबर १९०८ मध्ये संपूर्ण शहराच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरीचे द्रावण सोडायला सुरुवात केली. न्यायालयात त्यांची कसून उलटतपासणी झाली. अखेर निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि काही वर्षांतच ही पद्धत शहराशहरांत पसरली. दैवदुर्विलास असा की २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर हाच क्लोरीन विषारी वायू म्हणून सोडला गेला. त्याच युद्धात सैनिकांच्या पिण्याच्या पाण्यात मोजून टाकलेली ब्लीचिंग पावडर त्यांचे जीव वाचवत होती. विष आणि औषध यांत फरक मात्रेचा असतो, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

त्या लष्करी काळाची एक आठवण आजही आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवली जाते. ब्रिटिश लष्करातील डॉक्टर हॉरॉक्स यांच्या नावाची ती पेटी. त्यात सहा पांढरे पेले, एक काळा पेला, २ ग्रॅमचे चमचे, काही नळ्या आणि स्टार्च-आयोडाइडचे द्रावण असते. काळ्या पेल्यात एक सपाट चमचा पावडर कालवायची. पांढऱ्या पेल्यांत विहिरीचे पाणी घ्यायचे. पहिल्या पेल्यात काळ्या पेल्यातल्या निवळीचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहाव्यात सहा थेंब टाकायचे. अर्धा तास थांबायचे. मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब. ज्या पेल्यात प्रथम स्पष्ट निळा रंग दिसेल, त्या क्रमांकाइतके चमचे पावडर ४५५ लिटर पाण्याला लागते. ४५५ लिटर म्हणजे जुने १०० गॅलन. वीज नको, प्रयोगशाळा नको, मोठे शिक्षणही नको.

एवढा खटाटोप कशासाठी, मूठभर पावडर टाकून मोकळे का होऊ नये, असा प्रश्न पडेल. उत्तर साध्या गणितात आहे. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल, तर ते सुमारे ३७,७०० लिटर भरते. पाणी नितळ असेल आणि पावडर ताजी असेल, म्हणजे तिच्यात सुमारे ३३ टक्के क्लोरीन असेल, तर १,००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम या हिशेबाने जेमतेम ९५ ग्रॅम पावडर पुरते. पण पहिल्या पावसाने गाळ, पालापाचोळा आणि शेणामातीचे पाणी विहिरीत उतरले की चित्र बदलते. क्लोरीन आधी त्या घाणीवर खर्च होतो; जंतूंपर्यंत पोहोचण्याआधीच संपतो. अशा वेळी निळा रंग तिसऱ्या पेल्यात दिसला, तर त्याच विहिरीला जवळपास अर्धा किलो पावडर लागते. पाच पटींचा फरक. त्यात पोत्यातली पावडर ११ टक्क्यांवर उतरलेली असेल, तर मापाने टाकलेली पावडरही एक तृतीयांशच काम करते. म्हणजे ‘रोज टीसीएल टाकतो’ हे विधान खरे असूनही पाणी असुरक्षित असू शकते.

म्हणूनच पावडर किती टाकली यापेक्षा नळाला किती क्लोरीन उरला, हा प्रश्न महत्त्वाचा. पावडर टाकल्यावर तासभर थांबून पाण्यात लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक असावा, असा वैद्यकीय संकेत आहे. भारतीय मानकानुसार तो किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. हा उरलेला क्लोरीन म्हणजे पाण्यासोबत घरापर्यंत चालत येणारा राखणदार. वाटेत फुटलेल्या वाहिनीतून गटाराचे पाणी शिरले, तर तो त्याच्याशी झुंजतो. नळाला क्लोरीन शून्य दिसला, तर एक तर तो टाकलाच नाही, किंवा वाटेत कुठेतरी घाण शिरली आणि तो तिच्याशी लढताना संपला. दोन्ही बातम्या गावाला त्याच दिवशी कळायला हव्यात. गावपातळीवर ज्याला ‘ओटी टेस्ट’ म्हणतात ती ऑर्थोटोलिडीनची चाचणी मिनिटभरात होते. पाण्यात थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. ऑर्थोटोलिडीन हे रसायन हाताळायला घातक असल्याने आता अनेक ठिकाणी गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी वापरतात, आणि तीच अधिक बरी.

लोणीसारख्या गावात या चाचणीला वेगळे महत्त्व आहे. या पट्ट्याच्या दक्षिणेला डोंगर आणि उत्तरेला मुळा-मुठा. पुणे शहराचे सांडपाणी पोटात घेऊन ही नदी मांजरी, थेऊरवरून पूर्वेला जाते. मुंढव्याच्या जॅकवेलमधून प्रक्रिया केलेले सांडपाणी शेतीसाठी बेबी कालव्यात सोडण्याची योजनाही याच भागासाठी झाली. शेतीला पाणी हवेच. पण शहराच्या उंबरठ्यावरचा, झपाट्याने इमारती वाढणारा हा भाग, त्यातल्या विहिरी, कूपनलिका आणि शोषखड्डे हे सगळे एकाच जमिनीत आहेत. ‘आमचे बोअरचे पाणी आहे, त्याला काही होत नाही’ हा समज इथे धोक्याचा आहे. पाणी नितळ दिसते म्हणून ते निर्जंतुक नसते.

भूगोलाची आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनी धरणात जाते, आणि तिथून पुढे तीच पंढरपुरात चंद्रभागा म्हणून ओळखली जाते. म्हणजे देहूहून निघालेली दिंडी आणि पुण्यातून निघालेले पाणी, दोघांचे अखेरचे ठिकाण एकच. वारकरी ज्या वाळवंटात स्नान करतात, तिथे आपण वर काय सोडले याचा हिशेब पोहोचत असतो.

पालखी सोहळ्याची ही परंपरा तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केल्याचे मानले जाते. पुढच्या शतकांत या वाटेने पटकीचे दिवसही पाहिले. १८१७ मध्ये बंगालमधून उसळलेली कॉलऱ्याची साथ पुढच्याच वर्षी दख्खनमध्ये पोहोचली. त्यानंतर अनेक दशके यात्रा आणि पटकी ही जोडगोळी सरकारी नोंदींत भेटत राहते. गावोगावच्या वेशीवरची मरीआईची ठाणी ही त्या भीतीचीच खूण. आज लाखो लोक चालत जातात आणि बहुसंख्य सुखरूप घरी परततात, ही काही आपोआप घडलेली गोष्ट नाही. टँकर भरण्याच्या विहिरी ठरवून देणे, त्यांचे पाणी तपासणे, टँकरमध्ये पावडर टाकून वेळ पाहणे, ही कामे करणारे आरोग्यसेवक, आशाताई आणि ग्रामपंचायतीचे पाणीपुरवठा कर्मचारी यांचा त्यात मोठा वाटा आहे. दहा हजार लिटरच्या टँकरला नितळ पाण्यासाठी साधारण २५ ग्रॅम पावडर आणि तासभराचा धीर लागतो. घाईगर्दीत पावडर टाकली जाते. धीर मात्र राहून जातो. टँकर भरला की लगेच नळ उघडला, तर वास येतो पण जंतू मेलेले नसतात.

मुक्कामाच्या गावाची जबाबदारी एका रात्रीची आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. रोगाचे वेळापत्रक मात्र वेगळे असते. कॉलऱ्याची लक्षणे काही तासांपासून पाच दिवसांत दिसतात. लोणीत दूषित पाणी प्यायलेला माणूस आजारी पडेल तो यवत, वरवंड किंवा त्याही पुढे. ई प्रकारच्या काविळीला तर दोन ते दहा आठवडे लागू शकतात. तोवर वारकरी नांदेड, परभणी किंवा बुलढाण्यातल्या आपल्या घरी पोहोचून पेरणीच्या कामाला लागलेला असतो. त्याच्या काविळीचा संबंध कुठल्या गावच्या टाकीशी होता, हे कोणालाच कळणार नाही. याच काविळीत गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीतल्या स्त्रियांचे मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. ज्या चुकीची तक्रार कधीच परत येत नाही, ती टाळण्यासाठी कामाची शिस्तच उपयोगी पडते.

वारी नसतानाही धोका टळत नाही, हे पुण्याने अलीकडेच अनुभवले. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकापाठोपाठ दाखल झाले. हातापायांतली ताकद जाणारा, काहींना कृत्रिम श्वासावर नेणारा हा आजार एरवी तुरळक दिसतो. त्या वेळी संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आणि काहींचा मृत्यू झाला. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस आढळले. संशयाची सुई पाण्याकडे वळली. समाविष्ट गावांच्या विहिरी, पाण्यावरची प्रक्रिया, नळातल्या क्लोरीनचे प्रमाण हे शब्द अचानक घराघरात पोहोचले. काही दिवस सगळे मोजले गेले. साथ ओसरली आणि चर्चाही ओसरली. शहराच्या कडेला वाढणाऱ्या प्रत्येक गावाने, लोणीनेही, तो धडा आपल्यापुरता लिहून ठेवायला हवा होता.

क्लोरीनबद्दल आक्षेपही आहेत आणि ते प्रामाणिकपणे ऐकले पाहिजेत. पाण्यातल्या सेंद्रिय घाणीशी क्लोरीनची क्रिया होऊन क्लोरोफॉर्मसारखी द्रव्ये तयार होतात, हे नेदरलँड्सच्या योहानेस रूक यांनी १९७४ मध्ये दाखवले. त्यावर उपाय आहे तो पाणी आधी गाळून, निवळून घेण्याचा. क्लोरीन बंद करण्याचा नव्हे. या द्रव्यांपासूनचा संभाव्य धोका निर्जंतुक न केलेल्या पाण्याच्या धोक्यापुढे फार लहान आहे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. दुसरी मर्यादा अशी की गिआर्डिया किंवा क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या कवचधारी परजीवींपुढे क्लोरीन कमी पडतो. तिथे गाळणी आणि उकळणे हेच खरे. पावडर म्हणजे जादू नव्हे. ती साखळीतली शेवटची कडी आहे.

मग करायचे काय? मागण्या अवघड नाहीत. पहिली, पावडरीच्या प्रत्येक पोत्यावर खरेदीची आणि उघडल्याची तारीख लिहावी, पोते कोरड्या, अंधाऱ्या जागी फळीवर ठेवावे आणि नमुना जिल्हा प्रयोगशाळेत नियमित जावा. क्लोरीन २० टक्क्यांखाली गेलेली पावडर पाण्यात टाकू नये. दुसरी, रोज सकाळी टाकीजवळच्या नळाला नव्हे, तर वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या नळाला क्लोरीन मोजावा आणि तो आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. तिसरी, जलसुरक्षक हे काम एका माणसाच्या भरवशावर ठेवू नये. तो आजारी पडला, लग्नाला गेला, पगार थकला म्हणून कामावर आला नाही, तर त्या दिवशी गावाचे पाणी कोण राखणार, हे आधीच ठरलेले असावे. त्याला वेळेवर मोबदला आणि दरवर्षी प्रशिक्षण मिळावे. आरोग्य विभाग वर्षातून दोनदा पाणीस्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे, लाल कार्ड देतो. ग्रामसभेत आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आणि का, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

घरापुरतेही काही करता येते. नळाच्या पाण्याला औषधाचा वास आला म्हणून ते टाकून देऊन थंडगार जार मागवू नये. वास नको असेल तर स्वच्छ भांड्यात पाणी भरून थोडा वेळ ठेवावे, तो कमी होतो. आरओ यंत्रातले कोळशाचे गाळण क्लोरीन काढून टाकते; त्यामुळे त्यातून आलेले पाणी दोन-दोन दिवस साठवले तर त्याला राखणदार उरत नाही. सुट्या जारच्या पाण्याचेही तेच. पुण्यातल्या साथीत अशी काही खासगी केंद्रे बंद करावी लागली होती. पावसाळ्यात गढूळ पाणी आधी गाळून, मग उकळून घ्यावे. ओगराळ्यानेच पाणी काढावे. हंड्यात हात बुडवला की शुद्धीकरणाचे सगळे श्रम वाया जातात. आणि एक इशारा: ब्लीचिंग पावडर संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून तोच हिरवट-पिवळा, फुफ्फुसे जाळणारा वायू बाहेर पडतो.

पालखी पुढे गेल्यावर गाव स्वच्छ केले जाते, मांडव उतरतात, जादा टँकर परत जातात. बरोबर त्याच सुमारास पावसाचा जोर वाढतो, विहिरींना नवे पाणी येते आणि क्लोरीनची गरज सर्वाधिक होते. वारकऱ्यांसाठी जे काटेकोरपणे मोजले, तेच श्रावण-भाद्रपदात आपल्या लेकराबाळांसाठी मोजायला काय हरकत आहे? खर्च फार नाही: पेट्यांचा एक संच, थोडी ताजी पावडर आणि रोजची दहा मिनिटे. गावच्या फळ्यावर बाजारभाव लिहिले जातात, सभांच्या सूचना लिहिल्या जातात. त्याशेजारी आजच्या नळातला क्लोरीन लिहायला एवढीशीच जागा लागते, आणि तो आकडा रोज वाचणारे चार डोळे.